त्या मुलाने वाघाला काय म्हटले?

(सहयोगी मंडळ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



लहान मुलांना चित्रपुस्तकांतून आणि हाताने करायच्या कामांतून कसे शिकवावे, हा विषय मला दिला आहे. विषयाकडे वळण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. ती आपल्यासमोरच द्यायला हवी, कारण तिच्यात आपणही नकळत सहभागी झाला होता.

काही वर्षांपूर्वी आपल्या पत्रिकेच्या प्रार्थना-विषयांत एक ओळ छापून आली होती. मेळघाटातल्या आपल्या बालवाडीतील चार वर्षांचा एक मुलगा बोलत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, अशी ती ओळ होती. ती मी लिहून पाठवली होती. आपल्यापैकी पुष्कळांनी प्रार्थना केली. एका बहिणीने तर त्याच्या तपासणीसाठी पैसेही पाठवले. पण तो मुलगा मुका नव्हता. त्याला गप्प मीच केले होते.

मी मूळची नगरकडची. ईशज्ञानाचा डिप्लोमा झाला, समाजकार्यात आले आणि मेळघाटात जाऊन पोहोचले. जाताना एक पेटी भरून चित्रपुस्तके आणि चित्रांची कार्डे नेली होती. पहिल्याच आठवड्यात प्राण्यांची कार्डे काढली आणि वाघाचे चित्र वर धरले. हा मुलगा टुणकन उभा राहिला, बोट दाखवून मोठ्याने म्हणाला, "कुला!"

मराठीत या उच्चाराचा शब्द आपण चारचौघांत बोलत नाही. मला वाटले, पोराला कोणीतरी घाणेरडे बोलायला शिकवले आहे. मी डोळे वटारले आणि म्हणाले, "असं बोलायचं नाही." माझे शब्द त्याला कळले नसतील, पण माझा चेहरा बरोबर कळला. तो खाली बसला. दुसऱ्या दिवसापासून दाराजवळ बसू लागला. खाऊ घ्यायचा, घरी जायचा, पण बोलायचा नाही. तीन महिन्यांनी मी अहवालात लिहिले, "मूल बोलत नाही."

पुढे पावसाळ्यात एक दिवस त्याची आजी त्याला न्यायला आली. पाऊस थांबेपर्यंत ती उंबऱ्यावर टेकली. समोर कार्डे पडली होती. तिने वाघाचे कार्ड उचलले, नातवापुढे धरले आणि हसून म्हणाली, "कुला!" आणि माझा तो न बोलणारा मुलगा बोलायला लागला. हातवारे करून, डोळे मोठे करून, न थांबता बोलत होता. मला त्यातले एक अक्षरही कळले नाही. आमच्या मदतनीस ताई त्याच गावच्या, कोरकू समाजातल्या. त्यांनी मला सांगितले, "कुला म्हणजे वाघ, ताई. मागच्या हिवाळ्यात नाल्यापाशी यांची बकरी वाघानं नेली. ते सांगतोय तो."

पहिल्या आठवड्यात तो मला हेच सांगू पाहत होता. मी त्याला कागदावरचा वाघ दाखवत होते आणि त्याच्याकडे खऱ्या वाघाची बातमी होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या बहिणीला मी सगळे खरे कळवले. तिच्याच परवानगीने ते पैसे आम्ही कागद, रंग आणि कापड यांसाठी वापरले. त्यातून काय उभे राहिले, ते आता सांगते.

कोरकू ही मराठीची बोली आहे असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत होते. ती मराठीच्या कुळातली नाहीच. संथाली आणि मुंडारी ज्या कुळातल्या, त्या मुंडा कुळातली ती भाषा आहे. म्हणजे चार वर्षांचे कोरकू मूल बालवाडीत येते, तेव्हा आपण बोलतो त्यातले काहीच त्याला कळत नसते. आपले मूल कोणी अनोळखी देशातल्या शाळेत एकटे बसवले, तर ते कसे वागेल? गप्पच बसेल. त्या गप्प बसण्याला मी आजार समजले.

अशा मुलासाठी चित्र हे फार मोठे दार आहे, पण ते आतल्या बाजूने उघडावे लागते. पूर्वी मी चित्र दाखवून "हा काय आहे? वाघ. म्हणा, वाघ" असे म्हणवून घ्यायची. आता आम्ही चित्र नुसते समोर ठेवतो आणि वाट पाहतो. मूल काय म्हणते ते आधी ऐकतो. ते त्याच्या भाषेत जे म्हणेल तो पहिला शब्द, आणि मराठी शब्द त्याच्यामागून. घराचे चित्र आले की आधी "उरा", मग "घर". दोन्ही शब्द मान्य. एकासाठी दुसरा पुसायचा नाही.

ही काही माझी युक्ती नाही. आपल्या मंडळीच्या इतिहासातच तिचे मूळ आहे. 1658 साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी चित्रांचे एक पुस्तक छापले गेले. मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या चित्रपुस्तकांत त्याची गणना होते. त्याचे कर्ते योहान आमोस कोमेनियस हे मोरेव्हियन बंधूंच्या मंडळीचे बिशप होते. युद्धात देश सुटला, साथीत बायको आणि मुले गेली, पुढे आगीत हस्तलिखिते जळाली. तरी त्या माणसाने मुलांसाठी पुस्तक केले. त्यात प्रत्येक चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले होते आणि त्या आकड्यांपुढे लॅटिन शब्दाच्या जोडीला मुलाच्या मायबोलीतला, म्हणजे जर्मन शब्द होता. अक्षरओळखही प्राण्यांच्या आवाजांपासून सुरू होत होती. वस्तू आधी डोळ्यांना दिसावी, हाताला लागावी आणि मग तिचा शब्द यावा, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले. महागडी साधने बाजूला ठेवून बिया, खडे, पाने, शिंपले घेतले. आज आपण ज्या अंगणवाड्या पाहतो, तो शब्द आणि ती कल्पना या दोघींच्या कामातून आली.

आता आमच्या बालवाडीत एखादे पुस्तक कसे चालते ते सांगते.

एका वर्षी आम्ही कोंबडी आणि पिलांचे एक साधे पुस्तक घेतले. पहिल्या दिवशी वाचन केलेच नाही. मुलांनी पाने उलटली, बोलली, भांडली. दुसऱ्या दिवशी मदतनीस ताईंनी तीच गोष्ट कोरकूत सांगितली. तिसऱ्या दिवशी मातीची अंडी आणि कोंबड्या केल्या. चौथ्या दिवशी मुले स्वतः कोंबडी झाली, एक जण घार झाला आणि सगळ्या पिलांची पळापळ झाली. मग एका मुलीने सांगितले की तिच्या घरची कोंबडी कालच खुडूक बसली आहे. मग काय, सगळी बालवाडी तिच्या घरी! टोपलीत आठ अंडी होती.

त्या दिवसापासून दारात एक डबा ठेवला. रोज सकाळी एका मुलाने त्यात एक खडा टाकायचा आणि सगळ्यांनी खडे मोजायचे. कोंबडीच्या अंड्यातून पिलू यायला साधारण 21 दिवस लागतात. वीसच्या पुढचे आकडे मी शिकवलेच नाहीत, डब्यातल्या खड्यांनी ते शिकवले. एकविसाव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. सहा पिले निघाली होती. दोन अंडी तशीच राहिली. एका मुलाने विचारले, "ही दोन का नाही आली?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मग मुलांनी सगळे चित्रांत काढले, आम्ही त्याखाली त्यांचेच शब्द आधी कोरकूत आणि मग मराठीत लिहिले आणि दोऱ्याने शिवून पुस्तक केले. आजपर्यंत बालवाडीत सर्वांत जास्त मागितले जाणारे पुस्तक तेच आहे.

तो डबा पाहिला की मला यहोशवाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय आठवतो. इस्राएल लोक यार्देन ओलांडून आले, तेव्हा नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणण्याची आज्ञा झाली. कशासाठी? पुढे मुले विचारतील, हे धोंडे कसले? तेव्हा वडिलांनी ती हकिगत सांगायची. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथे आधी हाताला लागणारी वस्तू आहे, मग मुलाचा प्रश्न आहे आणि त्यानंतर मोठ्यांचे उत्तर आहे. आपण पुष्कळदा उलटे करतो. उत्तर आधी देतो आणि मुलाला प्रश्न विचारायला जागाच ठेवत नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

आता आपल्याकडून काय हवे ते सांगते, कारण प्रत्येक भेटीत आपण मला हे विचारता.

पहिली गोष्ट. जुनी पाठ्यपुस्तके आणि इंग्रजी गोष्टींचे गठ्ठे प्रेमाने येतात, पण आमच्या मुलांना त्यांचा उपयोग होत नाही. बर्फातले घर आणि सफरचंदाची बाग यांआधी त्यांना मोह, बांबू, नाला, बैल आणि कोंबडी पाहू द्या. द्यायचेच असेल तर कोरे जाड कागद, रंग, दोरा आणि सुती कापड द्या. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा मोफत आहेत. त्या छापण्याची आणि भाषांतर करण्याचीही मुभा आहे. आपल्या तरुण संघाने महिन्याला चार गोष्टी छापून पाठवल्या, तर कोरकू शब्द आम्ही गावातल्या आज्यांकडून घेऊ.

दुसरी गोष्ट महिला मंडळासाठी. दिवाळीनंतर आमच्याकडची अनेक कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडतात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी बांधकामावर. होळीला परत येतात, कारण होळी हा कोरकूंचा मोठा सण. मधले महिने मूल तिकडेच असते. एका आईने एकदा मला विचारले होते, "ताई, हे पुस्तक संगं न्यू का?" मी नाही म्हटले. पुस्तके मोजून कपाटात ठेवायची आणि तपासणीला दाखवायची, असा माझा नियम होता. ती काही न बोलता निघून गेली. आज तो नियम आम्ही मोडला आहे. पण भट्टीवर कागद टिकत नाही. कापडाची, शिवलेली पुस्तके टिकतात, धुताही येतात. एका पुस्तकाला आठ पाने पुरतात. बटणे आणि मणी मात्र लावू नका, लहान मुले ती तोंडात घालतात. त्याच कारणाने तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती आम्ही चिंचोके किंवा तुरीचे दाणेही देत नाही.

तिसरी गोष्ट. अहवालात आपण विचारता, किती पुस्तके वाटली? यापुढे कृपा करून विचारा, किती फाटली? किती हरवली? किती गावाबाहेर जाऊन आली? कपाटात कोरी करकरीत राहिलेली पुस्तके हा माझ्या कामाचा हिशेब नव्हे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. पण धोरण उंबऱ्यापर्यंत येते, त्यापुढे मुलाजवळ कोणीतरी मांडी घालून बसावे लागते.

तो मुलगा आज पाचवीत आहे, आश्रमशाळेत शिकतो. मराठी नीट वाचतो. वर्गात पहिला वगैरे नाही. सुटीत गावी आला की बालवाडीत डोकावतो आणि लहान मुलांना वाघाचे कार्ड दाखवतो. माझ्याशी मात्र तो अजूनही बेताचेच बोलतो. मी त्याला घाई करत नाही.

आपण त्याच्यासाठी केलेली प्रार्थना वाया गेली असे मला वाटत नाही. तो बोलावा म्हणून आपण मागितले आणि देवाने आधी माझे कान उघडले. आता आपल्याला एकच विनंती आहे. आमच्या मुलांसाठी प्रार्थना कराल, तेव्हा आम्हा शिक्षिकांना ऐकता यावे म्हणूनही करा.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.