स्मरणाची पदयात्रा



शिरीषकुमार व त्याचे बालसाथी ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात हुतात्मा झाले. त्यांच्या स्मृतीस सारे नगर वंदन करते. त्याच तिथीचा दुसरा दिवस, १० सप्टेंबर, २००३ पासून आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून जगभर पाळला जातो. परंतु आत्महत्येने गेलेल्याचे नाव त्याच्या घरातही दबक्या आवाजात घेतले जाते.

हे मौन मोडता येते. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांच्या कुटुंबाची शोकांतिका १९ मार्च १९८६ ची. २०१७ पासून त्या दिवशी अनेकजण अन्नत्याग करून त्यांचे स्मरण करतात.

पंढरीची वाट पायी चालणाऱ्या महाराष्ट्राला पदयात्रा नवी नाही. नवापूरपासून धडगावपर्यंतच्या गावांनी अशा दिवंगतांच्या स्मरणार्थ चार कोस चालावे. जमलेला निधी त्यांच्या मुलांच्या शिक्षणास द्यावा. शोकाकुल कुटुंबास त्याहून मोठा आधार सोबतीचा असतो.

ग्रामपंचायतींनी टेलिमानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक फलकावर लिहावा. शिक्षकांनी खचलेल्या विद्यार्थ्याची स्वतःहून विचारपूस करावी. गेलेल्यांसाठी चाललेली पावले अशा रीतीने जिवंत माणसाच्या दारापर्यंत पोहोचली, तरच ती यात्रा सफल होईल.