सहाव्या मजल्यावरची खोली

इ. स. १८९१ च्या नोव्हेंबरच्या आरंभीं पॅरिसच्या उत्तर रेल्वे-स्थानकावर एक पोलिश तरुणी गाडींतून उतरली. तिचें चोविसावें वर्ष संपावयास थोडेच दिवस उरले होते. अंथरूण-पांघरूण तिनें वॉर्साहून अगोदरच मालगाडीनें पाठवून दिलें होतें. लांकडी पेटी, वाटेंतील खाणें आणि एक घडीची खुर्ची एवढें बरोबर होतें. खुर्ची अशासाठीं, कीं जर्मनींतील चौथ्या वर्गाच्या डब्यांत कडेनें तेवढीं बांकें असत आणि मधली जागा रिकामी असे. त्या रिकाम्या जागेंत खुर्ची मांडून ह्या मुलीनें सारा जर्मन देश ओलांडला. तिचें नांव मारिया स्क्लोडोव्स्का. पुढें मादाम क्यूरी ह्या नांवानें जग तिला ओळखूं लागलें. रेडियमची कथा बहुतेक श्रोत्यांच्या कानांवरून गेलेली असेल. तिच्या आधींचे पॅरिसमधील पहिले दोन हिंवाळे मात्र त्या मानानें कमी परिचित आहेत.

मारिया पॅरिसला आली ती उशिरांच. शाळेंतील सुवर्णपदक तिनें १८८३ मध्यें मिळविलें होतें. पोलंडचा तो भाग त्या वेळीं रशियाच्या झारच्या अंमलाखालीं होता. शाळेंत रशियन भाषेची सक्ति, आणि वॉर्साच्या विद्यापीठाचीं दारें स्त्रियांना बंद. वडील पदार्थविज्ञान व गणित शिकवीत, पण मिळकत बेताची. तेव्हां दोघी बहिणींनीं आपसांत एक करार केला. वडील बहीण ब्रोनिया हिनें आधीं पॅरिसला जाऊन वैद्यकी शिकावी, मारियानें नोकरी करून तिला पैसे पाठवावे, आणि ब्रोनिया मार्गाला लागली म्हणजे तिनें धाकटीला बोलवावें. त्याप्रमाणें जानेवारी १८८६ पासून तीन वर्षांहून अधिक काळ मारिया दूरच्या एका खेड्यांत परक्या कुटुंबांतील मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. रात्रीं दिवा लावून ती एकटीच गणिताचीं पुस्तकें वाची आणि अडलेलीं उदाहरणें पत्रानें वडिलांना विचारी. १८९० मध्यें ब्रोनियाचें बोलावणें आलें, तेव्हां तिनें उलट कळविलें, कीं पॅरिसचें स्वप्न आपण केव्हांच सोडून दिलें आहे. वृद्ध वडिलांना एकटें टाकून कसें जावें, हा प्रश्न होताच. पण सात वर्षें बंद दारासमोर उभें राहिलेल्या माणसाला तें उघडलें म्हणजे आंत पाऊल टाकण्याचीच धास्ती वाटूं लागते, हेंही तितकेंच खरें. आणखी एक वर्ष गेलें, मग तिनें मन घट्ट केलें.

ब्रोनिया व तिचे यजमान डॉक्टर द्लुस्की पॅरिसच्या ईशान्येस ला व्हिलेत भागांत राहत. तेथून सोर्बोन विद्यापीठ घोड्यांच्या ऑम्निबसनें तासाभराच्या वाटेवर. वरच्या उघड्या मजल्यावर भाडें कमी पडे, म्हणून मारिया अरुंद जिन्यानें वर चढून बसे. वाऱ्यानें तोंड गारठून जाई, पण सेन नदी तेथून चांगली दिसे. रस्त्यांत लोक आपल्याच भाषेंत मोकळेपणीं बोलत आहेत, दुकानांत हवीं तीं पुस्तकें उघड मांडलेलीं आहेत, ह्याचें तिला नवल वाटे. ज्यानें रशियन तपासनीस येतांच मातृभाषेचें पुस्तक घाईघाईनें दडविलें असेल, त्यालाच तें नवल पुरतें समजावें. सोर्बोनच्या जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचें काम तेव्हां चालूं होतें. त्या धुळींतून वाट काढीत तिनें विज्ञानशाखेंत नांव दाखल केलें, आणि तें लिहितांना मारियाचें 'मारी' असें फ्रेंच रूप केलें. आडनांव मात्र तिच्या फ्रेंच सोबत्यांच्या जिभेला कधींच वळलें नाहीं.

वर्गांत ती पहिल्या रांगेंत बसे. लिपमन, आपेल ह्यांसारखे प्राध्यापक बोलूं लागत, आणि थोड्याच दिवसांत तिला एक गोष्ट कळून चुकली. फ्रेंच आपणांस उत्तम येतें अशी तिची समजूत होती. येथें सबंध वाक्यें कानांवरून निघून जात. गणिताचें तर त्याहून वाईट. खेड्यांतल्या खोलींत मोठ्या कष्टानें मिळविलेलें ज्ञान फ्रेंच विद्यालयांतून आलेल्या मुलांपुढें अगदीं अपुरें ठरलें. परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्याच्या हालांचें वर्णन करतांना थंडीचा व उपासाचा फार बोलबाला होतो. घरीं हुशार म्हणून नांवाजलेल्या माणसाला, येथें आपण सर्वांच्या मागें आहों, हें एकट्यानें उमगावें, ह्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाहीं. आणि खरी बोंचणी तीच असते.

मागें पडलेलें भरून काढावयाचें तर वेळ हवा, आणि बहिणीच्या घरीं नेमका तोच मिळेना. डॉक्टर द्लुस्की मोठे दिलदार व गप्पिष्ट. दिवसा रोग्यांची वर्दळ. संध्याकाळ झाली, कीं स्वदेश सोडून आलेली पोलिश मंडळी जमावयाची, चहा व्हावयाचा, कोणी पियानो वाजवावयाचें. मेहुणी कोपऱ्यांत पुस्तक घेऊन बसलेली त्यांना पाहवत नसे. ते तिला ओढून बैठकींत आणीत. एका समारंभांत बंधनें तोडणाऱ्या पोलंडचें सोंग मारीनें घेतलें. ही बातमी वॉर्साला पोहोंचतांच, जानेवारी १८९२ मध्यें, वडिलांचें काळजीचें पत्र आलें: पॅरिसमध्येंही रशियन हेरांचे डोळे असतात, पुढें मायदेशीं नोकरी मिळणें कठीण होईल. माया करणाऱ्या माणसांना नाहीं म्हणणें फार जड जातें. तरी मार्चमध्यें तिनें तें केलें आणि लॅटिन क्वार्टरमध्यें र्‍यू फ्लातेर ह्या गल्लींत खोली घेतली. तेथून रसायनशाळा पंधरा मिनिटांच्या आणि सोर्बोन वीस मिनिटांच्या वाटेवर आहे, असें तिनें भावाला हिशेबानें कळविलें.

पुढें तिनें खोल्या बदलल्या, पण त्यांची जात एकच. सहाव्या मजल्यावर, उतरत्या छपराखालीं, एवढासा झरोका. लोखंडी खाट, पांढऱ्या लांकडाचें टेबल, तेलाचा दिवा, स्पिरिटचा स्टोव्ह, आणि पाहुण्यासाठीं आसन म्हणून तीच वॉर्साची पेटी. महिन्याला साधारण १०० फ्रँक, म्हणजे दिवसाला तीनच्या आसपास. त्यांतच भाडें, जेवण, कपडे आणि विद्यापीठाची फी. कोळसा तिनें स्वतःच सहा जिने चढवून न्यावयाचा. दिवा व विस्तव वांचावा म्हणून ती सेंत-झ्नव्हिएव ग्रंथालयांत रात्रीं दहापर्यंत बसे, मग घरीं येऊन दोनपर्यंत वाची. हिंवाळ्यांत तस्तांतील पाणी रात्रींतून गोठे. अशा वेळीं पेटींतले होते नव्हते ते कपडे पांघरुणावर रचून ती निजे. स्वयंपाक तिला येत नव्हता, सूप कशाचें करतात हेंही ठाऊक नव्हतें. पाव, चॉकोलेटचा पेला, कधीं अंडीं, कधीं फळें.

एके दिवशीं सोबतिणीदेखत ती घेरी येऊन पडली. डॉक्टर द्लुस्की धांवत आले, त्यांनीं खोलींतल्या कोरड्या बशा पाहिल्या आणि खोदून विचारलें. आदल्या दिवसापासून पोटांत मुळे आणि पावशेर चेरी एवढेंच गेलेलें होतें. त्यांनीं तिला घरीं नेलें, मांस व बटाटे समोर बसून खाऊं घातले. तिनें शहाण्यासारखें वागण्याचें कबूल केलें, आणि परत गेल्यावर पुन्हा वाऱ्यावर जगूं लागली. चरित्रकार ह्या उपासाचें कौतुक करतात. डॉक्टरांचा संताप मात्र अधिक योग्य वाटतो. हीं हेळसांड होती, आणि तिची शिक्षा शरीराला भोगावी लागली. तिनें स्वतः उतारवयांत लिहितांना मात्र ह्या दिवसांविषयीं तक्रार केली नाहीं. एवढ्या मोठ्या शहरांत आपणांस कोणी ओळखत नाहीं, कोणाचा आधार नाहीं, आणि तरीही आपलें आपण चालवितों आहों, ह्यांत तिला समाधान वाटत असे. एकटेपणा वाटे, पण क्वचित्.

जुलै १८९३ मध्यें पदार्थविज्ञानाची परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका हातीं आली तेव्हां भीतीनें कांहीं क्षण तिला अक्षरेंच लागेनात. निकाल वाचला गेला, त्यांत पहिलें नांव तिचें होतें. ती वॉर्साला गेली खरी, पण गणिताच्या परीक्षेसाठीं परत येण्यास पैसे नव्हते. तेव्हां एका मैत्रिणीनें खटपट करून तिला अलेक्झांड्रोविच निधीची ६०० रुबलची शिष्यवृत्ति मिळवून दिली. १८९४ मध्यें गणितांत ती दुसरी आली.

त्यानंतर कांहीं काळानें एका संस्थेसाठीं पोलादाच्या चुंबकीय गुणांचा अभ्यास करून तिला प्रथमच बरी कमाई झाली. तींतून बाजूला काढून तिनें ते ६०० रुबल अलेक्झांड्रोविच निधीच्या चिटणिसाला आणून दिले. परतफेड कोणी मागितली नव्हती, आणि तशी अटही नव्हती. दुसऱ्या एखाद्या गरीब मुलीला ज्याची गरज आहे तो पैसा आपल्याजवळ आणखी एक दिवस ठेवणें तिला अप्रामाणिकपणाचें वाटलें. चिटणीस थक्क झाले. असा जमेचा प्रसंग त्यांच्या दप्तरांत पूर्वीं कधीं आला नव्हता.