अडथळ्यांची शर्यत

मुस्लिम स्त्री आणि क्रीडांगण हा विषय निघाला कीं वाद बहुधा पोशाखाचा होतो, आणि खेळ बाजूस राहतो. म्हणून प्रथम खेळाकडेच पाहणें बरें.

स्त्रियांच्या चारशें मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत दहा अडथळे असतात. प्रत्येकाची उंची अडीच फूट. ऑलिंपिकमध्यें ही शर्यत प्रथम ठेवण्यांत आली ती १९८४ सालीं, लॉस एंजेलिस येथें. ती जिंकली मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किल या युवतीनें, ५४.६१ सेकंदांत. मोरोक्कोचें तें पहिलेंच ऑलिंपिक सुवर्णपदक. त्या दिवशीं जन्मलेल्या मुलींचें नांव नवाल ठेवावें, असें राजे दुसरे हसन यांनीं जाहीर केलें. पुढें १९९३ सालीं तिनें कासाब्लांका येथें केवळ स्त्रियांसाठीं धांवण्याची शर्यत सुरू केली.

शेजारच्या अल्जीरियांतील हसीबा बूलमर्का हिच्या वाट्यास असें निर्भेळ कौतुक आलें नाहीं. १९९१ सालीं टोकियो येथें पंधराशें मीटरच्या शर्यतींत ती जगज्जेती झाली. परंतु आखूड चड्डी घालून तिनें जगासमोर धांवावें, हें कडव्या धर्मोपदेशकांस रुचलें नाहीं. तिचा जाहीर निषेध झाला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि सरावासाठीं तिला परदेश गांठावा लागला. तरीही १९९२ सालीं बार्सिलोना येथें तिनें अल्जीरियाला पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलें.

अडवणूक एकाच बाजूनें होते, असें मात्र नव्हे. जून २०११ मध्यें जॉर्डनची राजधानी अम्मान येथें इराणच्या मुली ऑलिंपिकच्या पात्रता-सामन्यासाठीं मैदानांत उतरल्या. शिरोवस्त्रावांचून खेळण्याची मुभा त्यांस स्वदेशीं नव्हती. आणि मान झांकणारें तें वस्त्र धोक्याचें, असें जागतिक फुटबॉल महासंघाचें म्हणणें. घरचा कायदा डोकें झांका म्हणतो, खेळाचा कायदा उघडा म्हणतो. या कात्रींत सांपडलेल्या मुलींना न खेळतांच पराभव पत्करावा लागला. कित्येकींना मैदानावरच रडूं कोसळलें.

पुढें जॉर्डनचेच राजपुत्र अली यांनीं या नियमाविरुद्ध नेट धरला, आणि १ मार्च २०१४ रोजीं बंदी कायमची उठली. २०२३ सालच्या विश्वचषकांत मोरोक्कोची नुहैला बेनझीना शिरोवस्त्र घालून खेळली. अशी ती पहिलीच. त्या सामन्यांत दक्षिण कोरियाचा १-० असा पराभव झाला. तथापि सर्वच दारें उघडलीं असें नाहीं. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें यजमान फ्रान्सनें आपल्याच खेळाडूंस शिरोवस्त्राची मनाई केली होती.

मुतवक्किल उघड्या डोक्यानें धांवली, बेनझीना झांकलेल्या डोक्यानें खेळली. दोघी एकाच देशाच्या, एकाच धर्माच्या. कोणी कसें धांवावें याचा हिशेब घड्याळ ठेवतें. काय नेसून धांवावें, हें जिचें तिनें ठरवावें. एवढें मान्य झालें कीं स्त्रीपुढें दहाच अडथळे उरतील, आणि ते ओलांडण्याचें बळ तिच्या पायांत आहेच.