तळच्या माशाला आडोसा



काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आता केवळ शहरची राहिलेली नाही. १९५१ साली मुंबईला चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा गावाकडून गेलेली मंडळी ते मुद्दाम पाहून येत आणि घरी आल्यावर चार दिवस त्याचेच वर्णन करीत. आज तालुक्याच्या बाजारातदेखील काचपेटी विकत मिळते आणि पुष्कळ शाळांतून विज्ञानाच्या कोपऱ्यात एखादी पेटी मांडलेली असते. मुले ओढ्यावर जातात, ओंजळीत मासे धरून आणतात, गुरुजी ते पेटीत सोडतात. वरच्या पाण्यात फिरणाऱ्या खवल्या टिकतात. पण वाळूच्या रंगाची, बोटाएवढी, तोंडाभोवती बारीक मिशा असलेली मुरी मात्र आठ-पंधरा दिवसांत मरते. शिंगटीचे तेच होते. मग सगळेजण म्हणतात, 'तळचा मासा पेटीत जगत नाही.'

तो जगतो. त्याला आपण राहायला जागा दिलेली नसते, एवढेच.

असे पाहा, ओढ्यात मुरी कुठे सापडते? दगड उचलला की खाली. शिंगटी कुठे असते? काठच्या कपारीत, झाडाच्या मुळ्यांच्या जाळीत. दिवसभर हे मासे अंगाला काहीतरी टेकवून पडून राहतात आणि दिवेलागण झाली की चरायला निघतात. वर बगळा आहे, खंड्या आहे. उघड्यावर पडून राहणे म्हणजे जिवाशी खेळ. हे भय त्यांच्या अंगात मुरलेले आहे. पेटीत बगळा नाही हे आपल्याला ठाऊक, माशाला कोण सांगणार? चारही बाजूंनी उजेड, काचेवर टिचक्या मारणारी पोरे, आणि लपायला एक खडादेखील नाही! असा मासा कोपऱ्यात अंग चोरून बसतो, खात नाही, रंग उतरतो, नाहीतर काचेवर वरखाली आपटत राहतो, आणि मग बारीकसा रोगही त्याला पुरतो.

ही केवळ आपली समजूत आहे असे नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सॅमन माशाची पिले स्वस्थ असताना त्यांची किती शक्ती खर्च होते हे मोजले होते. आडोसा नसताना हा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी जास्त भरला. काहीएक न करता, नुसते धास्तीत राहण्याचा हा खर्च, बरं का! सॅमन थंड मुलखातला, आपली मुरी इथली. आकडा तोच असेल असे मी म्हणणार नाही. पण घाबरलेल्या जिवाची अवस्था समजायला तेवढे पुरे आहे.

आता कुणी म्हणेल, मासा बिळात घालून बसवला तर मुलांना दिसणार काय? इथेच गंमत आहे. पळून जायला जागा जवळ आहे हे एकदा माशाला कळले की तो निर्धास्त होतो आणि अधिक वेळ बाहेर फिरतो. आधी दाराशी येऊन मिशा हलवील, मग वीतभर बाहेर येईल. पहिले काही दिवस धीर धरायला हवा आणि आडोसा सारखा उचलून 'आहे का, आहे का' असे पाहायचे टाळायला हवे.

दुकानात यासाठी रंगीत किल्ले, सांगाडे, खजिन्याच्या पेट्या मिळतात. माझ्या मते त्यावर शाळेचा पैसा घालवण्याचे काही कारण नाही. त्यांचे रंग कधी कधी सुटतात, आणि भोके अशी की मासा शिरला तर अडकावा. आपल्या परसात याहून चांगले सामान पडलेले असते.

पहिली करवंटी. नारळ फोडल्यावर ज्या भकलाला तीन डोळे असतात ते निवडा. खोबरे पूर्ण काढा, बाहेरची किशी खरवडून टाका आणि करवंटी दोन-तीन पाण्यांतून चांगली उकळा. खोबऱ्याचा अंश राहिला तर तो पाण्यात कुजतो आणि मासे गुदमरतात. उकळताना पाणी चहासारखे लाल होईल. पुढे पेटीतही थोडा पिवळसरपणा उतरेल, त्याने काही बिघडत नाही. मग करवतीच्या पात्याने कडेला दोन बोटे रुंद दार कापा आणि काठ दगडावर घासून गुळगुळीत करा. तीन डोळ्यांपैकी जो मऊ असतो, तो खिळ्याने आरपार टोचा. हे भोक विसरू नका. करवंटी पालथी ठेवली की आत हवा कोंडते, ती कलंडते, शिवाय आतले पाणी खेळत नाही. वर भोक असले की दोन्ही अडचणी मिटतात.

दुसरे सामान कुंभाराचे. फुटका माठ, सुगड, बिनरंगी कुंडी, यांपैकी काहीही चालेल. कुंडी आडवी करून अर्धी वाळूत पुरली की छान गुहा होते. माझी स्वतःची पसंती मात्र जुन्या नळीच्या कौलांना. पत्रे आणि स्लॅब आले, तशी ही कौले घराघरांतून उतरून परसात ढीग होऊन पडली आहेत. पन्हाळीसारखा आकार, दोन्ही तोंडे मोकळी, भाजलेली माती, आणि किंमत शून्य! मासा एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने निघतो, आणि दुसऱ्या माशाने दार अडवले तरी कोंडला जात नाही. कौल जुने असले तर त्यावरचा धूर, डांबर, रंग पाहून घ्या. तसे काही असेल तर ते नको. ब्रशने घासा, उकळत्या पाण्यातून काढा. साबण अजिबात लावू नका, कारण भाजलेली माती साबण पिते आणि तो नंतर पाण्यात सोडते. चकाकणाऱ्या झिलईची भांडीही टाळावीत, काही झिलयांत शिसे असते.

नळाच्या कामातून उरलेले पीव्हीसी पाइपाचे तुकडेही चालतात. दिसायला बरे नाहीत, पण मासा काही दिसण्याकडे पाहत नाही. कापलेल्या कडा तेवढ्या घासून घ्या. चिकटवण्याचा सोल्यूशन लागलेला तुकडा घेऊ नका.

दगडाचे थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. आपला देशावरचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो पाण्यात टाकला तरी पाण्याचा गुण बदलत नाही. चुनखडीचे मात्र तसे नाही. ती हळूहळू विरघळते आणि पाणी जड करते. कोकणात समुद्रावरून वेचलेले शंखशिंपले हेही चुन्याचेच. मग ओळखावे कसे? दगड स्वच्छ धुऊन वाळवा, खिळ्याने थोडा ओरखडा आणि त्या जागी लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे उठले तर चुना आहे. वर्गात हा प्रयोग करून पाहा आणि मुलांना घरची फरशीही तपासायला सांगा. आपली शहाबादी आणि काळी कडप्पा या दोन्ही चुनखडकाच्याच आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तुमच्या विहिरीचे पाणी मुळातच जड असेल, भांड्यावर पांढरे कीट धरत असेल, तर तुकडाभर शहाबादीने फारसा फरक पडणार नाही. पण काळा दगड हाताशी असताना ती कशाला घालायची? फुटलेली जुनी दगडी पाटी मात्र उत्तम. चौकट काढून टाकायची आणि दोन धोंड्यांवर आडवी ठेवायची, की झाले छप्पर. सिमेंटचा नवा तुकडा टाकायचा असेल तर आधी काही आठवडे बादलीत भिजवून रोजच्या रोज पाणी बदला. त्यातून सुटणारा चुना माशाला सोसत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. तांब्या-पितळेचे भांडे पेटीत कधीही ठेवू नका. आपल्याकडे तांब्यातले पाणी आरोग्याला चांगले मानतात, त्यामुळे कुणी प्रेमाने जुना तांब्या आडवा करून ठेवील, दिसेलही सुरेख. पण माशाच्या कल्ल्यांना तांब्याचा अगदी सूक्ष्म अंशही विषारी ठरतो. शिंगटीला खवले नसतात, मुरीचे असून नसल्यासारखे बारीक. त्यामुळे अशा माशांना तो आणखीच बाधतो. गोगलगाई तर त्याहून आधी मरतात. दुकानातून आणलेल्या काही औषधांतही तांबे असते, म्हणून बाटलीवरचे वाचूनच औषध घाला.

आडोसा केवढा असावा? आपल्याला वाटते, ऐसपैस असावा. माशाला तसे नको असते. पाठ किंवा कूस कशाला तरी टेकली की त्याला बरे वाटते. मासा आत वळू शकेल एवढी जागा असली म्हणजे झाले. शिंगटीच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटा असतो आणि घाबरली की ती तो ताठ उभा करते. अरुंद भोकात अशी अडकली की निघत नाही. ओढून काढू नये, भांडेच फोडावे. मुरीच्या डोळ्याखालीही बारीक काटा असतो, तो जाळीच्या कापडात गुंततो. म्हणून तिला पकडायचे झाल्यास जाळीऐवजी वाटी वापरा. शिंगटीच्या काट्याने मुलांच्या बोटाला कळ लागते, तेव्हा हे काम गुरुजींनीच करावे.

जितके मासे त्यापेक्षा एक-दोन घरे जास्त हवीत. दारे समोरासमोर नकोत, नाहीतर शेजाऱ्यांची भांडणे इथेही सुरू होतात! दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत पन्नासेक लिटर पाणी मावते. तेवढ्यात पाच-सहा मुऱ्या सुखाने राहतात. शिंगटी रात्री लहान मासे गिळते, म्हणून तिला बारक्या खवल्यांबरोबर ठेवू नका. वामेचे पिल्लू वाळूत अंग पुरून नुसते नाक बाहेर काढून बसते, मुलांना फार आवडते. पण वाम हातभर वाढते, शिवाय झाकणाच्या फटीतून पळते. तिला ओढ्यातच राहू द्यावे.

दगड रचताना एक काळजी घ्या. आधी जड दगड थेट पेटीच्या तळावर, हवे तर खाली प्लॅस्टिकचा जाड तुकडा घालून, पक्के बसवा आणि मग भोवती वाळू पसरा. वाळूवर दगड ठेवलात तर मुरी खालून उकरते आणि एके रात्री दगड तिच्या अंगावर नाहीतर काचेवर येतो. वाळू नदीची, गोल कणांची आणि निवळ पाणी येईपर्यंत धुतलेली असावी. बांधकामाच्या खडी फोडून केलेल्या वाळूला धार असते. तिने मिशा झिजतात आणि मिशा गेल्या की तळच्या माशाचा अन्न शोधण्याचा आधारच गेला.

खाणे दिवसा टाकले तर वरचे मासेच फस्त करतात. म्हणून संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर, तळाला बसेल असे खाणे थोडेसे, आडोशाच्या दाराशी पडेल असे टाका. उरलेले आत कुजते, तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी बदलताना नळीने दाराजवळची घाण ओढून घ्या. मुरी मधूनच सरळ वर येऊन हवेचा घोट घेते आणि पुन्हा तळाला जाते. ती आतड्यातून हवा शोषू शकते, म्हणून पाण्याच्या वर थोडी मोकळी जागा ठेवा आणि झाकणाला भोके पाडा. पण एरवीपेक्षा वारंवार वर येऊ लागली तर समजा, पाणी बिघडले.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. एकाच आकाराच्या दोन नळ्या घ्या, एक काचेची आणि एक मातीची. काचेच्या नळीत अंग टेकते पण अंधार नाही. तिसरीकडे दोन धोंड्यांवर पाटीचे रुंद छप्पर ठेवा. तिथे अंधार आहे पण अंग टेकत नाही. कुठला मासा दिवसा कुठे बसतो हे मुलांनी पंधरा दिवस सकाळी आणि दुपारी वहीत लिहावे. मध्येच जागा अदलाबदल करावी, म्हणजे मासा घर निवडतो की कोपरा, तेही कळेल. संध्याकाळी पाहायचे असेल तर विजेरीच्या तोंडाला लाल पतंगी कागद बांधा. मंद लाल उजेडाने हे मासे कमी बुजतात.

ओढ्यावरून मासे आणताना लागतील तेवढेच आणा, उचललेला दगड होता तसाच परत ठेवा आणि सुट्टी लागण्यापूर्वी मासे त्याच ओढ्यात नेऊन सोडा. दुकानचा मासा मात्र ओढ्यात, विहिरीत, तळ्यात कधीही सोडू नका. काच चाटणारा सकर मासा लहानपणी गोजिरवाणा दिसतो, पुढे फूटभराहून मोठा होतो आणि कंटाळून लोक तो नदीत सोडतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतला. त्यालाही आडोसाच लागतो, पण अंड्यांसाठी तो नदीकाठात लांब बिळे कोरतो आणि काठ ढासळतात. आपल्या देशात अनेक ठिकाणच्या पाण्यात तो पसरला आहे. तेव्हा नको झालेला सकर दुकानदाराला परत द्यावा.

करवंटी कालांतराने मऊ पडते. बोटाने दाबून पाहावी. नख रुतू लागले की बदलावी. मात्र नवी आधी शेजारी ठेवून द्या आणि मासा तिकडे जाऊ लागला की मगच जुनी काढा.