रात्रपाळीतला संसार



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर फिशपाँड आहेत आणि त्यानंतर गाणी. त्यामुळे तुम्ही इतका वेळ कशासाठी थांबला आहात याबद्दल माझा काहीही गैरसमज नाही.

मघाशी निवेदिकेनं ओळख करून देताना सांगितलं की पाहुण्या आणि त्यांचे पती शिडाच्या बोटीतून प्रशांत महासागरातल्या बेटांवर स्वच्छंद भटकतात. मागे पडद्यावर फोटोही दाखवले. निळंशार पाणी, काठावर माड, मधोमध नांगरलेली आमची बोट. फोटो खरे आहेत, फक्त 'स्वच्छंद' या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. त्या फोटोत माझा नवरा दिसत नाही. तो बोटीच्या तळाशी उताणा पडून साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपात अडकलेला केसांचा गुंता काढतोय. केस माझे आहेत, म्हणून मी शहाणपणानं काठावर जाऊन फोटो काढत बसले आहे.

माझा नवरा व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होता, मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. दोघांनी नोकऱ्या सोडून बोट घेतली तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, "चोवीस तास एकमेकांच्या तोंडाकडे बघून कंटाळा नाही यायचा?" त्यांची काळजी अगदीच वाया गेली. लांबच्या पल्ल्यावर नवराबायकोची गाठच पडत नाही.

गालापागोसपासून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर, नुसतं पाणी. आमच्यासारखी बोट ताशी पाच सागरी मैलांनी चालते. सायकलवरून कॉलेजला येणारा तुमच्यातला कोणीही आम्हाला मागे टाकेल. वाटेत तीन-चार आठवडे जातात आणि समुद्रात रात्री नांगर टाकून झोपता येत नाही, कारण खाली चार-चार किलोमीटर खोली. मग पाळ्या लावायच्या. तीन तास तो जागा, तीन तास मी. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं, म्हणून दर पंधरा मिनिटांनी घड्याळाचा गजर, उठून चारही दिशांना नजर, होकायंत्र, शीड, वारा. पाळी बदलताना दोन-चार वाक्यं होतात. "वारा पूर्वेकडे सरकलाय. चहा थर्मासमध्ये आहे." अंथरूण एकच, आणि त्यात नेहमी दुसऱ्याची ऊब असते. आमचा संसार असा रात्रपाळीतला.

तुम्हाला मुख्य सांगायचं ते यापुढचं आहे. तो झोपलेला असताना बोट माझी असते, सगळीच्या सगळी. वावटळ आली तर शीड लहान करणं माझं काम, इंजिनात डिझेल चढत नसेल तर हवा काढणं माझं काम. 'हे यांना विचारून सांगते' हे वाक्य तिथे चालत नाही. उलट बाजूही तशीच आहे. मी तापानं पडले तर डुलत्या शेगडीवर भात त्याला लावता आला पाहिजे. एकाला बोट येते आणि दुसरा सोबत आलाय, अशी दोघांची बोट मला फार धोक्याची वाटते.

याची तालीम आम्ही शहाळ्यावर करतो. एखाद्या शांत उपसागरात, समोरचा पुस्तक वाचत असताना, शहाळं पाण्यात फेकायचं आणि ओरडायचं, "माणूस पाण्यात!" फेकणाऱ्यानं मग हाताची घडी घालून बसायचं. बोट मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते. लाटांमध्ये तरंगणारं शहाळं माणसाच्या डोक्याएवढंच दिसतं आणि तितक्याच पटकन दिसेनासं होतं. नजर त्यावरून न हलवता, एकट्यानं शिडं फिरवून बोट वळवायची आणि वाऱ्याच्या अशा बाजूनं आणायची की ती शहाळ्यापाशी येऊन थांबेल. शहाळं उचलणं सोपं असतं. माझ्या दीडपट वजनाचा ओलाचिंब नवरा वर कसा घ्यायचा? शीड चढवण्याचा दोर त्याच्या पट्ट्याला अडकवायचा आणि विंच फिरवत राहायचं. पुस्तकातली तरफ आणि कप्पी मी वर्षानुवर्षं शिकवली, पण हातात उतरली ती तिथे. आणि हे सगळं करायची वेळच येऊ नये म्हणून एक नियम आहे: दुसरा झोपलेला असताना कमरेचा दोर बोटीला अडकवल्याशिवाय कोणीही डेकवर जायचं नाही.

अशी जोडपी आमच्या आधी पुष्कळ होऊन गेली. एरिक आणि सुझन हिस्कॉक या इंग्रज जोडप्यानं १९५२ ते १९५५ या काळात 'वाँडरर थ्री' या ३० फुटी बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एरिकची नजर अतिशय अधू होती. तरीही दोघं फिरली, यावरून सुझन नुसती सोबत नव्हती एवढं तरी मला कळतं. लिन आणि लॅरी पार्डी यांनी तर कॅलिफोर्नियात 'सेराफिन' नावाची सुमारे चोवीस फुटी बोट स्वतः बांधली आणि १९६८ मध्ये पाण्यात सोडली. तिला इंजिनच नव्हतं! वारा पडला की मोठं वल्हं. अकरा वर्षांत तिच्यातून जगाला फेरी घातली. पैसे संपले की थांबायचं, लोकांच्या बोटी दुरुस्त करायच्या, लेख लिहायचे. या मंडळींना मी श्रीमंत मानते, पण त्यांची बँकेची पुस्तकं पाहून नव्हे.

आता तुआमोतू. फ्रेंच पॉलिनेशियातल्या या द्वीपसमूहात सत्तरहून जास्त प्रवाळी कंकणद्वीपं आहेत, आपल्या लक्षद्वीपच्या जातीची. मधे खाजण, भोवती प्रवाळाचं कडं, आणि कड्यात एखादी खिंड. बाहेरच्या लाटा कड्यावरून आत पाणी ओततात आणि ते सगळं त्या खिंडीतून बाहेर धावतं. समोरून वारा असेल तर तिथे उभ्या लाटा उठतात. खाडीच्या तोंडाशी पाण्याचा अंदाज घेत थांबणारे आपले तांडेल हे चांगलं जाणतात. भरती-ओहोटीच्या मधली निवांत वेळ साधून आत शिरायचं. आत गेलं की प्रवाळाचे सुळके. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच चालायचं, म्हणजे पाण्याचा रंग वाचता येतो. गडद निळं म्हणजे खोल, पोपटी म्हणजे उथळ, तपकिरी दिसलं की थांब. मी नाळेवर उभी राहते, तो सुकाणूवर. वाऱ्यात शब्द पोचत नाहीत, म्हणून हातांच्या खुणा ठरलेल्या. खुणा न ठरवलेली जोडपी नांगर टाकताना जे बोलतात ते ऐकायला आसपासच्या बोटींवरची मंडळी चहा घेऊन डेकवर येतात, हे खरं सांगते.

नांगराची साखळी सुळक्यात गुंतू नये म्हणून तिला ठरावीक अंतरावर तरंगते गोळे बांधतो. तिथे काळ्या मोत्यांची शेती होते, त्या शेतांवरून सुटून आलेले गोळे किनाऱ्यावर फुकट मिळतात.

जेवणाचं विचाराल, तर भर समुद्रात ताजी भाजी म्हणजे मटकी. ओल्या फडक्यात बांधून ठेवली की उकाड्यात दुसऱ्या दिवशी मोड. फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली अंडी कित्येक आठवडे टिकतात. मासे गळाला लागतात, पण प्रवाळावरचा मासा स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय खायचा नाही. सूक्ष्म शैवालातलं विष मोठ्या माशांत साठत जातं आणि ते शिजवून जात नाही. एका कंकणद्वीपात चालणारा मासा शेजारच्यात चालत नाही. हे जाणणारी माणसं तिथे घरोघर आहेत, म्हणून किनाऱ्यावर उतरलं की आधी ओळखी.

मार्केसासमध्ये एका आजीबाईंनी निखाऱ्यात फळ भाजून पुढे केलं. नीरफणस! हे झाड मुळात त्याच महासागरातलं. १७८९ मध्ये बंड झालं त्या 'बाउंटी' जहाजावर ताहितीहून नेलेली त्याचीच रोपं होती. मी दुसऱ्या दिवशी रवा-तिखट लावून काप तळून नेले. आजीबाईंनी एक खाल्ला, आणि उरलेल्यांचं ताट आत नेऊन ठेवलं. आम्हाला परत विचारलं नाही.

सुरुवात कुठून करायची, असं मला इथल्या एका मुलीनं मघाशी विचारलं. बोट विकत घेण्यापासून तर नक्कीच नको. एनसीसीच्या नौदल शाखेत शिडाची बोट चालवायला शिकवतात, तिथे नाव घाला. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं जगाला प्रदक्षिणा घालून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. आणि २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी 'तारिणी'तून तसंच जग फिरून गोव्याला परतल्या. दोघीच, पाळ्या लावून.

माझ्या पिशवीत दोन मीटर दोर आहे. कार्यक्रमानंतर मी रंगमंचाच्या मागे थांबते. नेव्हल कॅडेट असाल तर बोलाईनची गाठ मारून दाखवा, एका हातानं आणि डोळे मिटून. इतरांना मी शिकवीन. आता फिशपाँड सुरू करा, आणि माझ्यावर एखादा आला असेल तर गाळू नका.