हिरव्या ठिपक्यामागचा माणूस



मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-हैदराबादेत कंपनीत असलेली आपल्याकडची पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली. आपल्या लोहाऱ्याकडच्या माकणी गावालाही आली. आयांना बरं वाटलं. लेकरू डोळ्यांसमोर, पगार चालू, खानावळीचा खर्च नाही.

तरी भरल्या घरात यातली कितीतरी पोरं एकटी पडली. घरच्यांची माया होती, पण कामात कुठं अडलंय ते घरात कुणाला कळणार? ज्यांना कळतं ते पडद्यापलीकडं. ऑफिसात मान वळवून ‘हे जरा बघ ना’ म्हटलं की भागायचं. आता तेच लिहून विचारायचं. लिहायला घेतलं की साधी शंकासुद्धा अडाणीपणाची वाटते. नवखा पोरगा दोनदा लिहितो, दोनदा पुसतो. साहेबाचं नुसतं ‘ओके’ आलं, तर ते रागाचं की घाईचं? त्यात ऑफिसच्या टीम्स ॲपवर नावाशेजारी दिसणारा तो हिरवा ठिपका. पाच मिनिटं हात थांबला की पिवळा होतो. आई जेवायला हाक मारते आणि हा उगाच माउस हलवत बसतो. मस्टर परवडलं, तिथं सही केली की सुटका तरी असायची.

शांघायच्या सीट्रिप कंपनीत 2010-11 मध्ये कॉल सेंटरच्या काही लोकांना नऊ महिने घरून काम दिलं होतं. काम 13 टक्क्यांनी वाढलं. तरीही मुदत संपल्यावर त्यातल्या जवळपास निम्म्यांनी ऑफिसच मागितलं. एकटेपणा सोसेना, हे त्यांचं मोठं कारण.

आपल्या भागाला हे समजायला जड जाऊ नये. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याकडं नवी गावं वसली. रुंद रस्ते, ऐसपैस प्लॉट, मजबूत घरं. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती तेव्हा न विचारता कानावर पडणारं बोलणं तिथं उरलं नाही. कामाच्या जागीही असंच कानावर पडून माणूस निम्मं शिकतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये असं काही कानावर पडत नाही. तिथं ठरलेल्या विषयावर, ठरलेल्या वेळेत, एकानंच बोलायचं.

आता बऱ्याच कंपन्यांनी माणसं परत बोलावली. जी घरूनच काम करतात, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीनं एक खोली द्यावी, असं मला वाटतं. वीज, इंटरनेट, चार टेबलं. कंपन्या वेगळ्या असल्या म्हणून काय झालं? नेट गेलं की चौघं मिळून बोंबलतील तरी!