उठून बोलण्याचा हक्क
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जॉर्ज फॉक्स नावाचा माणूस होऊन गेला. तरुणपणी जोडे शिवण्याचं काम शिकलेला. तो म्हणाला, प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश आहे. त्याच्या अनुयायांना क्वेकर म्हणतात. आपण देव मानत नाही, तो भाग सोडा. पण त्यातून निघालेली रीत बघा. त्यांच्या सभेत पुरोहित नव्हता. सगळे शांत बसत, ज्याला आतून वाटेल तो उठून बोले, मग बाई असो की पुरुष. मार्गारेट फेल या बाईने १६६६ साली, तुरुंगात असताना, बायकांच्या बोलण्याच्या हक्कावर पुस्तिकाच काढली. क्वेकर बायकांच्या स्वतंत्र बैठका भरत. इतिवृत्त आणि हिशेब त्याच लिहीत.

या सवयीतून धीट बायका घडल्या. अमेरिकेतल्या सिबिला मास्टर्सने मका न दळता कांडून साफ करण्याचं यंत्र शोधलं. पेटंटसाठी समुद्र ओलांडून ती लंडनला गेली. १७१५ साली राजाने पेटंट दिलं, ते नवऱ्याच्या नावावर! शोध बायकोचा, एवढं मात्र कागदावर आलं.

ल्युक्रेशिया मॉट १८४० साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेला प्रतिनिधी म्हणून गेली. बाई म्हणून तिला बाजूला बसवलं, बोलू दिलं नाही. पुढे १८४८ साली सेनेका फॉल्स गावी स्त्री-हक्कांची परिषद भरली. ती बोलावणाऱ्या पाचजणींत मॉट होती, आणि पाचांपैकी चौघी क्वेकर घरांतल्या.

पण खरं तेही सांगतो. फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभागृहात काळ्या लोकांचा बाक वेगळा होता. सारा मॅप्स डग्लस ही काळी शिक्षिका आईसोबत त्या बाकावर बसली, आणि ते दुःख तिने लिहून ठेवलं. वेगळं बसवणं म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला समजावून सांगायला नको.

म्हणून म्हणतो, समता भिंतीवर लिहून भागत नाही. ती बाकावर, सभेत, हिशेबाच्या वहीत उतरावी लागते. महाप्रजापती गौतमीने संघात प्रवेश मिळवला, तिचा वारसा आपण सांगतो. मग आपल्या कमिटीत एकही भगिनी का नाही? वर्गणी त्या गोळा करतात, खीर त्या शिजवतात आणि वही आपल्या हातात!

पुढच्या वर्धापनदिनी हिशेब एखाद्या भगिनीने वाचावा, एवढंच माझं मागणं.

नमो बुद्धाय! जय भीम!